चूक तिची नव्हती, खोक्याची होती: स्वस्त .२२ काडतुसं बनवणाऱ्या कारखानदारांना खुलं पत्र

सर्व कारखानदार मंडळींना,
सप्रेम नमस्कार.

"सरावाची गोळी आहे, एवढं चालायचंच." तुमच्यापैकी एकाकडून मला गेल्या महिन्यात आलेल्या उत्तराचा हा मथितार्थ. मी पाठवलेलं पत्र तीन पानांचं होतं. त्यात लॉट क्रमांक (एका वेळी बनवलेल्या मालाला दिलेला क्रमांक) होता, न फुटलेल्या काडतुसांची नोंद होती, लक्ष्याच्या कागदांचे फोटो होते. उत्तर चार ओळींचं आलं. काडतुसं ठरलेल्या मापात आहेत, ती स्पर्धेसाठी नाहीत, आणि या किमतीच्या मालाकडून याहून जास्त अपेक्षा ठेवू नये. त्या कंपनीचं नाव मी घेत नाही, कारण असंच उत्तर मला याआधी आणखी दोन ठिकाणांहून मिळालेलं आहे. म्हणून हे पत्र तुम्हा सगळ्यांना, आणि सगळ्यांसमोर.

मी नेमबाजी शिकवतो. माझ्याकडची बहुतेक मुलं .२२ लाँग रायफल या लहान काडतुसावर, ५० मीटरवर, प्रोनमध्ये म्हणजे पालथं झोपून सुरुवात करतात आणि पहिली काही वर्षं तुमचीच काडतुसं मारतात. मी स्वतः तुमच्याच काडतुसांवर शिकलो. दिवसाला ६० शॉट आणि आठवड्याला चार दिवस एवढाच सराव धरला, तरी वर्षाला बारा हजारांवर काडतुसं लागतात. वरच्या दर्जाची मॅच, म्हणजे स्पर्धेची, काडतुसं एवढ्या संख्येने कितीजणांना परवडतील? स्वस्त काडतूस बाजारातून गेलं तर माझ्याकडची निम्मी मुलं रेंजवर यायची थांबतील. तुमचा धंदा बसावा अशी माझी इच्छा नाही. तुमच्या मालावर मला पुन्हा भरवसा ठेवता यावा, एवढ्यासाठी लिहितो आहे.

आधी माझ्या एका विद्यार्थिनीबद्दल सांगतो. मुलगी शांत आहे, चिकाटीची आहे, सांगितलेलं दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही. या हंगामाच्या सुरुवातीला तिचे शॉट खाली जाऊ लागले. सगळे नाही. सहा-सात शॉट छान दहात, म्हणजे लक्ष्याच्या मधल्या दहा गुणांच्या वर्तुळात, किंवा दहाला लागून, आणि मग एखादा सरळ खाली, आठात. डावीकडे नाही, उजवीकडे नाही, खालीच. असं दिसलं की कोच जे शोधतो ते सगळं मी शोधलं. श्वास पूर्ण थांबायच्या आत ट्रिगर ओढते आहे का? डावं कोपर सरकतं आहे का? शॉट सुटल्यावर डोकं लगेच उचलते आहे का? तीन आठवडे आम्ही तिची पोझिशन मोडून पुन्हा बांधली. स्लिंग, म्हणजे रायफल हाताला बांधणारा पट्टा, दोन छिद्रं आत घेतली. खांद्याला टेकणारी बटप्लेट वर नेली, मग परत खाली आणली. ती रोज वहीत लिहायची, "फॉलो-थ्रू कमी पडला," म्हणजे शॉट सुटल्यावर तसंच स्थिर राहणं कमी पडलं. मी एकदा तिला सगळ्यांसमोर बोललोही, की लक्ष कुठे आहे तुझं. त्यानंतर दोन दिवसांनी तिने विचारलं, "सर, मला हे जमणारच नाही का?"

त्या संध्याकाळी मुलं गेल्यावर मी तिचीच रायफल आणि तिचंच अर्धं राहिलेलं खोकं घेतलं. पुढे-मागे वाळूच्या पिशव्या लावल्या, नळीसमोर गोळीचा वेग मोजणारा क्रोनोग्राफ ठेवला आणि सावकाश दहा-दहा शॉटचे पाच ग्रुप, म्हणजे एकाच नेमाने मारलेल्या छिद्रांचे पुंजके, मारले. ग्रुप उभे आले. आडवे जेमतेम दीड सेंटिमीटर आणि उभे त्याच्या दुपटीहून जास्त. क्रोनोग्राफवर सर्वांत मंद गोळी त्या खोक्याच्या सरासरीहून २४ मीटर प्रति सेकंद मागे होती. मग दुसऱ्या एका कारखान्याचं, साधंच, सरावाचंच खोकं उघडलं. त्याच रायफलीतून ग्रुप गोल आले.

यामागचा हिशेब तुम्हाला माहीत आहे, वाचकांसाठी मांडतो. स्टँडर्ड व्हेलॉसिटीची, म्हणजे साध्या वेगाची, .२२ गोळी साधारण ३२५ मीटर प्रति सेकंद वेगाने नळीतून निघते आणि ५० मीटर जायला तिला सुमारे ०.१६ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात ती नळीच्या रेषेपासून १२ सेंटिमीटरच्या आसपास खाली पडते. नेम धरायची साइट त्या पडण्याला धरूनच लावलेली असते. पण एखादी गोळी १० मीटर प्रति सेकंदाने मंद निघाली, तर ती आणखी सुमारे ७ मिलिमीटर खाली जाते. ५० मीटर रायफलच्या लक्ष्यावर दहाचं वर्तुळ आहे १०.४ मिलिमीटर व्यासाचं, त्याच्या पुढचं प्रत्येक वर्तुळ ८ मिलिमीटर बाहेर. म्हणजे २४ मीटर प्रति सेकंद मंद गोळी, नेम मध्यावर असताना, पावणेदोन सेंटिमीटर खाली उतरते आणि आठात बसते. त्या मुलीच्या वहीत "फॉलो-थ्रू कमी पडला" म्हणून नोंदलेले कितीतरी शॉट तिने उत्तम सोडले होते.

माझी सर्वांत मोठी तक्रार हीच आहे, आणि तुमच्या चार ओळींच्या उत्तरात तिची दखलही नाही. तुम्ही म्हणता, स्पर्धेसाठी नाही, सरावासाठी आहे. सराव म्हणजे काय हे तुम्ही कधी नवख्या नेमबाजाच्या शेजारी बसून पाहिलं आहे का? जुना नेमबाज शॉट सुटताच सांगतो की हा नऊ, दोन वाजता, म्हणजे घड्याळात दोनचा आकडा असतो त्या बाजूला. कागद बघायच्या आधी त्याला कळलेलं असतं, म्हणून गोळीने दगा दिला तर तो ओळखतो. नवख्याला ते अजून येत नसतं. त्याच्याजवळ कागदावरचं छिद्र एवढाच एक शिक्षक असतो. ते छिद्र खोटं बोललं, तर मूल बरोबर असलेली गोष्ट चूक समजून बदलतं आणि चुकीची सवय अंगी लावून घेतं. अनुभवी माणसाचा एका खराब लॉटने एक दिवस वाया जातो. शिकणाऱ्याचा हंगाम जातो. तुम्ही मात्र ज्याला फरक कळत नाही त्याच्यासाठीच सर्वांत बेभरवशाचा माल राखून ठेवला आहे.

ग्रुप मोठा येतो ही माझी तक्रार नाही, हे नीट लक्षात घ्या. स्वस्त काडतुसाचा ग्रुप महागड्या काडतुसाएवढा लहान येणार नाही, हे मान्य आहे. ग्रुप तीन सेंटिमीटरचा आला तरी तो दरवेळी तसाच येत असेल तर मी त्यावर शिकवू शकतो. नऊ गोळ्या एकत्र आणि दहावी रानोमाळ, आणि ती दहावी कधी येईल याचा पत्ता नाही, यावर कोणीही शिकवू शकत नाही.

आता न फुटणाऱ्या काडतुसांकडे येतो. मी तुम्हाला पाठवलेल्या नोंदीत ५०० च्या एका खोक्यात १९ काडतुसं पहिल्या घावाला फुटली नव्हती. तुमचं म्हणणं, काडतुसावर घाव घालणारी फायरिंग पिन तपासा. पिन तपासली होती. रिमवर, म्हणजे पुंगळीच्या तळाच्या कडेवर, पडलेला ठसा फुटलेल्या पुंगळ्यांवरच्या ठशाइतकाच खोल होता. शिवाय या १९ पैकी १४ काडतुसं चेंबरमध्ये (काडतूस बसतं त्या नळीच्या मागच्या कप्प्यात) अर्धा फेरा फिरवून पुन्हा मारल्यावर फुटली. याचा अर्थ तुम्ही माझ्याहून चांगला जाणता. रिमफायर, म्हणजे रिमवर घाव घेणाऱ्या, काडतुसाला मध्यभागी वेगळा प्रायमर (घावाने पेटून दारू पेटवणारा मसाला) नसतो. ओला प्रायमर पुंगळीच्या तळाशी टाकून वेगाने फिरवत रिमच्या पोकळ कडेत पसरवतात आणि मग वाळवतात. तो कडेत सगळीकडे सारखा गेला नाही, तर एका जागी पिन पडूनही काही होत नाही आणि दुसऱ्या जागी पडली की काडतूस फुटतं. चौदा काडतुसांनी हेच दाखवलं. यात माझ्या पिनचा दोष कुठे आला?

आणि इथे आम्ही पूर्णपणे तुमच्या हातात असतो. मोठ्या बोअरचा, म्हणजे मोठ्या काडतुसांचा, नेमबाज पुंगळी पुन्हा भरू शकतो, स्वतः दारू तोलू शकतो, स्वतः प्रायमर बसवू शकतो. रिमफायर पुंगळी एकदा फुटली की तिचा उपयोग संपला. आतल्या एका ग्रॅमच्या दहाव्या भागाएवढ्या दारूत किती कमी-जास्त झालं, प्रायमर कुठे पातळ राहिला, हे उघडून पाहण्याची आणि दुरुस्त करण्याची सोय आम्हाला नाही. काहीजण रिमची जाडी मोजून, वजन करून काडतुसं निवडतात. मीही काही रात्री ते केलं. त्याने मंद गोळी सापडली नाही.

न फुटलेलं काडतूस म्हणजे नुसता एक शॉट वाया, असंही समजू नका. ते उशिरा फुटू शकतं, म्हणून नळी लक्ष्याकडेच धरून निदान ३० सेकंद थांबायचं, हा नियम मी पहिल्या दिवशी शिकवतो. खोक्यात दर पंचवीस-तीस काडतुसांमागे एकदा असं थांबावं लागलं की लय मोडते आणि, त्याहून वाईट, मुलांना या थांबण्याची सवय होऊन त्यातली भीती जाते. तीस सेकंदांची वीस होतात, विसाची दहा. रॅपिड फायरवाल्यांचं तर विचारूच नका. पाच लक्ष्यांवर पाच शॉट, ८ सेकंदांत, मग ६, मग ४. तिथे एक काडतूस अडकलं की मालिकाच गेली. स्पर्धेत असा अडथळा मान्य करून मालिका पुन्हा मारण्याची तरतूद आहे, पण गेलेलं चित्त नियमाने परत येत नाही.

मात्र सर्वांत गंभीर प्रसंग वेगळाच आहे, आणि त्याबद्दल मी तुम्हाला स्वतंत्र पत्र पाठवलं होतं, ज्याला उत्तर नाही. एका मुलाचा शॉट दबका वाजला. "फुस्स" असा. कागदावर छिद्र नाही. त्याने सवयीने बोल्ट मागे ओढला, पुंगळी बाहेर पडली, आणि पुढचं काडतूस त्याने बोटांत धरलं. शेजारच्या लेनवरच्या मुलीला तो आवाज खटकला आणि ती जोरात ओरडली, "थांब!" नळीत पाहिलं तर गोळी अर्ध्यावर अडकलेली. आत दारू नव्हती किंवा नगण्य होती, गोळी फक्त प्रायमरच्या जोरावर सरकली होती. तो पुढचा शॉट सुटला असता, तर गोळीमागे गोळी अडकून नळी फुगली असती किंवा फाटली असती. त्याचा चेहरा तिथून एका वितीवर होता. शस्त्रं दुरुस्त करणाऱ्या आर्मररने सळईने गोळी बाहेर काढली, आणि मी त्या दिवशी रेंज बंद केली. याला "एवढं चालायचंच" म्हणता येणार नाही. किंमत कमी असली म्हणून हे चालत नाही.

तिसरी गोष्ट लॉटची. हरेक नळीला एखादा लॉट मानवतो, एखादा मानवत नाही, हे .२२ मध्ये जुनं सत्य आहे. वरच्या श्रेणीत हे उघडपणे मानलं जातं. एली आणि लापुआ या काडतूस कंपन्यांकडे नेमबाज स्वतःची रायफल घेऊन जातात, ती चाचणीच्या स्टँडवर बांधतात, वेगवेगळे लॉट मारून पाहतात आणि जमेल तो विकत घेतात. एवढी सोय मी तुमच्याकडे मागत नाही. पण निदान मला मिळालेला लॉट कोणता, हे तरी कळू द्या. एका उत्पादकाच्या ५० च्या डबीवर क्रमांक नसतोच, तो फक्त बाहेरच्या मोठ्या पेटीवर असतो आणि पेटी दुकानात फुटते. दुसऱ्याच्या डबीवर क्रमांक आहे, पण तो शाईचा असा पुसट छापलेला की तेलकट बोट लागलं की जातो. एकाच ५०० च्या खोक्यातल्या दहा डब्यांवर मला तीन वेगवेगळे क्रमांकही मिळाले आहेत. अशा खोक्यावर साइट कशी लावायची?

पॅकिंगबद्दल थोडक्यात. शेकडो काडतुसं सुटी ओतून भरलेले डबे टार्गेटसाठी म्हणून विकणं थांबवा. .२२ ची गोळी मऊ शिशाची असते, तिचा व्यास पुंगळीच्या बाहेरच्या व्यासाएवढाच असतो, आणि तिची बारीक टाच तेवढी पुंगळीत बसलेली असते. वाहतुकीत ती एकमेकांवर आपटते, चेपते, तिरकी होते. गोळीवरच्या मेणाला कचरा चिकटतो तो निराळाच.

आणि डबीवरचे शब्द. "टार्गेट", "मॅच", "प्रिसिजन". यांची बंधनकारक व्याख्या कुठे आहे? अमेरिकेत सामी ही संस्था आहे, युरोपात सीआयपी आहे. त्यांचा भर काडतुसाच्या मापांवर, दाबावर, सुरक्षिततेवर आहे. ५० मीटरवर ग्रुप केवढा आला म्हणजे "मॅच" म्हणायचं, हे त्यातून ठरत नाही. म्हणजे हा शब्द तुमच्या सचोटीवर सोडलेला आहे. असं असताना ३८० मीटर प्रति सेकंदाच्या हाय व्हेलॉसिटी गोळीवर लक्ष्याचं चित्र छापून विकलं जातं. आवाजाचा वेग २० अंश सेल्सिअसला सुमारे ३४३ मीटर प्रति सेकंद. ही गोळी त्याच्या वरून सुटते आणि ५० मीटरच्या आसपास त्या वेगाच्या पट्ट्यात उतरते, जिथे हवेचे धक्के तिला हलवतात. चांगल्या टार्गेट काडतुसाचा वेग आवाजाच्या खाली का ठेवतात, हे तुमच्या तंत्रज्ञांना माहीत आहे. मग डबीवर ते चित्र कोणी आणि कोणासाठी छापलं?

डबीच्या मागे कधीकधी एक ग्रुपही दाखवलेला असतो, पाच शॉटचा, एका छिद्रासारखा. पाच शॉटचा एखादा देखणा ग्रुप कुठल्याही काडतुसातून कधी ना कधी निघतो. माझ्या त्या खराब खोक्यातूनही निघाला होता. तेवढाच कापून ठेवला असता तर मीही तुमची जाहिरात केली असती.

माझ्या मागण्या सरळ आहेत.

५० च्या प्रत्येक डबीवर लॉट क्रमांक आणि उत्पादनाचा महिना न पुसणाऱ्या शाईने छापा, आणि एका खोक्यात एकच लॉट भरा. दारू, प्रायमर किंवा यंत्र बदललं तर लॉट बदला. जुन्या क्रमांकाखाली नवा माल घालू नका.

प्रत्येक लॉटचे आकडे जाहीर करा: सरासरी वेग, सर्वांत मंद आणि सर्वांत वेगवान गोळीतला फरक, आणि स्थिर नळीतून ५० मीटरवर मारलेल्या दहा-दहा शॉटच्या दहा ग्रुपची सरासरी. दहाही ग्रुपची, निवडलेल्या एकाची नाही. आकडे वाईट असले तरी चालतील. लहान मुलांच्या पहिल्या महिन्यासाठी मी मोठ्या ग्रुपचा लॉट समजून-उमजून घेईन, आणि स्पर्धेआधीच्या महिन्यासाठी दुसरा घेईन.

न फुटणाऱ्या काडतुसांचं प्रमाण किती झालं की लॉट बाजारात सोडायचा नाही, ती मर्यादा ठरवा आणि लिहून जाहीर करा.

नळीत गोळी अडकल्याची एक जरी खात्रीची तक्रार आली, तरी त्या लॉटचा क्रमांक त्याच दिवशी जाहीर करा, विक्री थांबवा, विकलेला माल परत घ्या. याबाबत मी कोणतीही तडजोड ऐकायला तयार नाही. आणि प्रत्येक डबीत एक चिठ्ठी घाला: आवाज दबका वाटला तर थांबा, काडतुसं काढा, नळी तपासा. दोन ओळींची चिठ्ठी आहे. ती वाचून एखाद्या मुलाचे डोळे वाचतील.

आकडे देता येत नसतील तर डबीवर "मॅच" लिहू नका.

तक्रार आली तर ती वाचणारा माणूस नेमा, ज्याला रिम आणि प्रायमर कळतो. महिन्याभरात लेखी उत्तर द्या. न फुटलेली काडतुसं आम्ही टपालाने पाठवू शकत नाही, आणि ती तपासायला तुमच्याकडून कोणी येत नाही. मग निष्कर्ष कशावरून काढता?

याने किंमत वाढेल, असं तुम्ही म्हणाल. थोडी वाढेल, हे मी धरून चालतो. पण वेगाची आणि फुटण्याची चाचणी केल्याशिवाय तुमचा लॉट आजही कारखान्याबाहेर पडत नसेल, असं मी समजतो. तुमच्यापैकी काहीजण तर एकाच यंत्रावर निघालेला माल चाचणी करून वेगवेगळ्या दर्जांत वाटतात आणि वेगवेगळ्या नावांनी विकतात. म्हणजे आकडे तुमच्याजवळ आहेत. वरच्या दर्जाचे आकडे अभिमानाने सांगता, खालच्या दर्जाचेही सांगा. आणि चाचणी होतच नसेल, तर तेही ग्राहकाला कळायला हवं.

माझ्याकडे त्या खोक्यातली ६० काडतुसं शिल्लक आहेत, दोन प्रयत्नांनीही न फुटलेली ५ आहेत, क्रोनोग्राफचे सगळे आकडे आहेत, कागद आहेत. रेंजच्या कुलपातल्या पेटीत लेबल लावून ठेवली आहेत. तुमचा तंत्रज्ञ कधीही येऊ दे. तिचीच रायफल, त्याच वाळूच्या पिशव्या देतो, त्याने स्वतः मारून पाहावं.

मुलगी सध्या दुसऱ्या लॉटवर आहे. स्लिंग मूळच्या छिद्रावर परत आणली आहे आणि बटप्लेटही. मी तिची माफी मागितली, सगळ्यांसमोर, जसं सगळ्यांसमोर बोललो होतो तसंच. तरी अजूनही एखादा शॉट खाली गेला की ती आधी स्वतःच्या कोपराकडे बघते. तिच्या वहीतल्या त्या तीन आठवड्यांच्या पानांवर मी लाल शाईने खोक्याचा लॉट क्रमांक लिहिला आहे. तोच क्रमांक तुम्हाला पाठवलेल्या पत्रात पहिल्या ओळीत आहे. उत्तर त्या क्रमांकाबद्दल द्या.

आपला,
एक नेमबाजी प्रशिक्षक